जावयानं बसवलेलं गॅस्केट

एका गावात एक भोळा जावई होता. तसा तो स्वतःच्या गावातही भोळाच होता. पण तिथं त्याची आई त्याला शिव्या द्यायची, त्यामुळं झाकून जायचं. सासुरवाडीत जावयाला कोणी शिवी देत नाही. देता येत नाही. त्यामुळं तिथं त्याचं भोळेपण उन्हात वाळत घातलेल्या धोतरासारखं लांबून दिसायचं.

त्याचं नाव धुडकू. अंगानं रेड्यासारखा, मनानं ताकासारखा. सांगितलेलं काम तो सांगितलं तस्संच करायचा. घोटाळा तिथंच होता.

त्याच्या बायकोचं नाव मथुरा. एकदा ती म्हणाली, "अहो, मी पाण्याला जाऊन येते. चुलीवर दूध आहे, बघत बसा." हा बघत बसला. दूध तापलं, फुगलं, काठावर आलं, उतू गेलं, चूल विझली. मथुरा हंडा घेऊन आली तर हा तसाच बसलेला.

"अहो, दूध उतू गेलं की सगळं."

"हो," धुडकू म्हणाला. "मी पहिल्यापासून बघितलं."

अशी सहा वर्षं काढली बाईनं. सातव्या वर्षी आखाजी आली. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, अन् सण सरला की नवरे न्यायला येतात. मथुरा माहेरी आली. पण धुडकूला करमेना. तो आखाजीच्या चार दिवस आधीच न्यायला येऊन बसला.

त्याचे सासरे ओंकारअण्णा. बोलायचे कमी, पण बोलले की शब्द मागं नाही. त्यांनी जावयाला पाट दिला, पाणी दिलं अन् म्हणाले, "जावईबापू, लेकीचं काही म्हणणं नाही. ती नांदतेय. पण माझ्या जिवाला घोर आहे. एक काम तुमच्या हातून सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट झालेलं मला बघायचंय."

"सांगा ना मामा."

अण्णांच्या अंगणात निंबाखाली एक जुना ट्रॅक्टर उभा होता. तीन वर्षं जागचा हलला नव्हता. सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"हा चालू करा," अण्णा म्हणाले. "आखाजीच्या दिवशी दिवस मावळायच्या आत चालू झाला तर ट्रॅक्टर तुमचा. तो घेऊन जा अन् मथुरालाही घेऊन जा. दिवस मावळला अन् मथुरा इथंच असली, तर ती पुढल्या आखाजीपर्यंत इथंच राहील."

मथुरा दाराआड उभी होती. नवरा भोळा असला तरी तिचा होता. त्याला वर्षभर एकटं सोडायचं म्हणजे घर, म्हैस अन् सासू, कशाचीच शाश्वती नव्हती.

धुडकू मात्र खूश. "एवढंच?" म्हणाला.

गावात सुपडू मिस्तरी होता. इंजिनाचा वैद्यच. कानानं ऐकून दुखणं सांगायचा. पण आंबे उतरवताना झाडावरून पडला होता अन् दोन्ही हात प्लास्टरमध्ये होते. अण्णांनी त्याला बाजेवर बसवून निंबाखाली आणलं.

मिस्तरी म्हणाला, "जावईबापू, तोंड माझं, हात तुमचे. मी सांगतो, तुम्ही करा."

त्यानं धुडकूकडून तेल मोजायची काडी काढून घेतली. काडीला काळं तेल लागायला हवं होतं. लागलं होतं पांढरं. घट्ट ताकासारखं.

"हे बघा. तेलात पाणी शिरलंय. इंजिनाचं खालचं धड, वरचं हेड. दोघांच्या मध्ये एक पातळ पत्रा असतो, भोकाभोकांचा. त्याला गॅस्केट म्हणतात. ते जळलं की तेल पाण्यात अन् पाणी तेलात. नवीन घातलं की काम झालं. तालुक्याला जा अन् घेऊन या."

धुडकू तालुक्याला गेला. गॅस्केट घेतलं. लांबलचक, चार मोठी भोकं, बाकी बारीक. आता हे धरायचं कसं? त्यानं एका मोठ्या भोकातून काठी घातली, काठी खांद्यावर टाकली अन् निघाला. गॅस्केट पाठीवर हेलकावे खात आलं. बाभळीला अडकलं, एसटीच्या दाराला आपटलं, एका बोकडानं त्याचा कोपरा चाटून पाहिला. घरी पोचलं तेव्हा त्याला पन्हाळी पत्र्यासारखा बाक आला होता.

मिस्तरीच्या तोंडात शिवी आली. पण समोर गावाचा जावई. त्यानं ती गिळली. मोठी होती, वेळ लागला.

"जावईबापू, गॅस्केट असं आणतात का? ते असं दोन्ही हातांवर आडवं धरायचं. सपाट. कुठं दुमडू द्यायचं नाही, मुरडू द्यायचं नाही. घरी येईपर्यंत हात खाली करायचे नाहीत."

"चुकलंच," धुडकू म्हणाला. "पुढच्या वेळी तस्संच करीन."

तेवढ्यात सासूबाईंनी आतून हाक मारली. सासूबाईंचं नाव भागाबाई. सगळ्या गावात त्यांच्या हाताच्या चवीचं नाव होतं, अन् त्यांच्या घरचं खापर नेमकं त्याच दिवशी तडकलं होतं. खापराशिवाय मांडे भाजायचे कशावर? म्हणून वेशीजवळच्या चुलतसासूकडे पहिली खेप भाजायला दिली होती.

"जावईबापू, तेवढे मांडे घेऊन या बरं. पाहुण्यांना चवीला द्यायचेत."

मांडा म्हणजे पुरणाची पोळीच, पण अंथरायच्या पंचाएवढी. कागदासारखी पातळ. चुलतसासूनं घडी करायला घेतली तर धुडकू म्हणाला, "अहं. दुमडू द्यायचं नाही, मुरडू द्यायचं नाही." त्यानं दोन्ही हात आडवे पसरले अन् सगळे मांडे एकावर एक हातांवर अंथरून घेतले.

निघाला गावातून. सपाट. वारा आला, वरचा मांडा उडून चावडीवर गेला. कावळे आले. दोन्ही हात गुंतलेले, हाकलायचं कशानं? त्यानं तोंडानं सांगितलं, "उठा बरं." कावळ्यांना जावयाची भीड नसते. मागून दोन कुत्री लागली. ती उड्या मारून खालचा मांडा ओढत होती, अन् हा हात खाली करत नव्हता. मारुतीपाशी बसलेली मंडळी उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, कोणाचा नवस आहे.

घरी आला तेव्हा हातांवर पुरण होतं. मांडे नव्हते.

भागाबाईंनी कपाळावर हात मारला. स्वतःच्या. "अहो जावईबापू, मांडे असे आणतात का? मांड्याची चौघडी करायची. ओल्या फडक्यात गुंडाळायची, म्हणजे कडक होत नाही. टोपलीत ठेवून वरून झाकायची. वारा लागू द्यायचा नाही."

"चुकलंच मामी. पुढच्या वेळी तस्संच करीन."

दुसऱ्या दिवशी दुसरं गॅस्केट आणायला तालुक्याला. दुकानदार म्हणाला, "ट्रॅक्टर जुना आहे, असलं गॅस्केट आता येत नाही. माझ्याकडं हे शेवटचं. जपून न्या."

"जपूनच नेणार," धुडकू म्हणाला. अन् दुकानदाराच्या डोळ्यांदेखत त्यानं गॅस्केटची चौघडी केली. पहिली घडी सहज झाली. दुसरीला गुडघा लावावा लागला. मग हापशावर उपरणं भिजवलं, गॅस्केट गुंडाळलं, टोपलीत ठेवलं, वरून झाकलं.

निंबाखाली टोपली उघडली. मिस्तरीनं बाजेवरून वाकून आत बघितलं.

"हे काय आहे?"

"गॅस्केट. मऊ आहे अजून."

मिस्तरीनं डोळे मिटले. "अण्णा," तो म्हणाला, "मला घरी न्या."

अण्णांनी त्याला घरी नेलं नाही. ते स्वतः पहाटे उठून जिल्ह्याच्या गावाला गेले, भंगारवाल्यांच्या गल्लीत सात दुकानं फिरले अन् एक गॅस्केट मिळवून, मांडीवर आडवं ठेवून, संध्याकाळी परत आले. जावयाच्या हातात दिलंच नाही. देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. म्हणाले, "याच्यानंतर जगात दुसरं नाही."

आखाजीची सकाळ उजाडली.

मिस्तरीनं सांगितलं तसं धुडकूनं हेड उतरवलं. ताकद होतीच, लोण्याच्या गोळ्यासारखं उचललं. खाली इंजिनाचं धड उघडं पडलं. त्यावर जुनं गॅस्केट जळून चिकटलेलं, तव्यावर करपलेल्या भाकरीसारखं.

"हे सगळं खरवडायचं," मिस्तरी म्हणाला. "डिझेलच्या चिंधीनं पुसायचं. धडाचा वरचा पत्रा असा लखलखीत झाला पाहिजे की त्यात आपलं तोंड दिसेल. एक कण राहिला तरी पाणी तिथून वाट काढतं."

धुडकू खरवडू लागला. खरं सांगायचं तर हे काम त्यानं झकास केलं. पत्रा चांदीसारखा निघाला. मग तो वाकून बघू लागला. बघितलं, पुन्हा पुसलं, पुन्हा बघितलं. मग उठून विहिरीवर गेला.

मिस्तरी वाट बघत बसला. अर्धा तास गेला. धुडकू आला तो आंघोळ करून, डोक्याला तेल चोपडून, कपाळाला गंध लावून.

"कुठं गेला होता जावईबापू?"

"पत्र्यात तोंड दिसत होतं, पण काळं दिसत होतं. म्हटलं, पत्रा तर स्वच्छ आहे, तोंडच घाण आहे." तो वाकला. "आता छान दिसतंय."

मिस्तरीनं उन्हाकडं बघितलं. दिवस डोक्यावर येत होता.

"बरं, आता नीट ऐका. हीच खरी गोम आहे." मिस्तरी बाजेवर पुढं सरकला. "गॅस्केटला या डबीतला लेप लावायचा. पातळ. नुसतं बोट फिरवायचं, कडेकडेनं. भोकाच्या आत थेंब जाता कामा नये. मग वर हेड ठेवायचं. हेडाला दहा नट आहेत, पाच या रांगेत, पाच त्या रांगेत. टोकापासून आवळायला घ्यायचे नाहीत. मधल्यापासून सुरुवात. मग त्याच्या समोरचा. मग इकडचा, मग तिकडचा, असं बाहेर बाहेर जायचं. अन् एकदम कोणालाच पूर्ण द्यायचं नाही. पहिल्या फेरीत थोडं, दुसऱ्या फेरीत निम्मं, तिसऱ्या फेरीत पुरतं. एकालाच एकदम दिलं तर हेड वाकडं होतं. ध्यानात आलं?"

"मधल्यापासून. समोरासमोर. तीन फेऱ्या. लेप पातळ, कडेनं."

"शाब्बास," मिस्तरी म्हणाला. चार दिवसांत पहिल्यांदा म्हणाला.

अन् नेमकी आतून हाक आली. "जावईबापू, हात धुवा अन् या. पितरांचा नैवेद्य झाला. पंगत बसलीय. आपल्या हातानं दोन मांडे वाढा, भाऊबंदांना बरं वाटेल."

धुडकू आत गेला. ओसरीवर भाऊबंद बसले होते. पाच या रांगेत, पाच त्या रांगेत, समोरासमोर.

धुडकूला ते ओळखीचं वाटलं.

टोकाला मानाच्या पाटावर अण्णांचे थोरले चुलते बसले होते, दगाबाबा. नव्वदीचे. पहिलं वाढण त्यांना, हा त्या घराचा रिवाज होता. धुडकू त्यांच्यावरून तसाच पुढं गेला अन् मधल्या पाटावरच्या माणसाच्या ताटात मांड्याचा नखाएवढा तुकडा टाकला. मग वळून त्याच्या समोरच्याला एक. मग इकडच्याला, मग तिकडच्याला. आमरसाचा प्रत्येकी एक थेंब.

भाऊबंद एकमेकांकडं बघू लागले. दगाबाबांचं ताट कोरडं.

"जावईबापू," दगाबाबा म्हणाले, "मी बसलोय, हे दिसलं का?"

"दिसलं बाबा. तुम्ही टोकाचे. तुमचा नंबर नववा."

"अन् हे एवढंच वाढायचं?"

"ही पहिली फेरी आहे. एकदम दिलं तर पंगत वाकडी होते."

मग तूप. धुडकूनं तुपात एक बोट बुडवलं अन् प्रत्येकाच्या तुकड्याच्या कडेकडेनं फिरवलं. मध्ये लागू दिलं नाही. बोट चाटलं नाही, एवढं खरं.

दुसऱ्या फेरीत निम्मा निम्मा मांडा. तिसऱ्या फेरीत बाकीचा. तोवर मधली माणसं हात धुवून विडा लावत होती अन् दगाबाबा अजून पहिला घास शोधत होते.

भागाबाईंनी त्याला बाजूला घेतलं. पदर तोंडाशी धरून बोलल्या, म्हणजे भाऊबंदांना ऐकू जाऊ नये. "अहो, असं वाढतात का? आमचं नाक कापलं. एका टोकापासून सुरुवात करायची. पहिल्याला भरपूर वाढायचं. तो आडवा हात करून पुरे पुरे म्हणेपर्यंत थांबायचं नाही. मगच दुसऱ्याकडं जायचं. अन् तुपाला हात आखडायचा नाही. ओघळलं पाहिजे, ताटातून वाहिलं पाहिजे."

"चुकलंच मामी. पुढच्या वेळी तस्संच करीन."

अन् तो परत निंबाखाली गेला.

मिस्तरी बिचारा जेवायला बसला होता. बाजेवरच. त्याची बायको त्याला घास भरवत होती, त्यामुळं त्याचं तोंड अडकलं होतं. त्यानं मानेनंच खूण केली, करा सुरू.

धुडकूनं गॅस्केट ठेवलं. लेपाची अख्खी डबी त्यावर उपडी केली. लेप ओघळला. चारी भोकांत गेला. वर हेड ठेवलं. मग टोकाचा पहिला नट धरला अन् आवळायला लागला.

मिस्तरी "उं उं" करू लागला. तोंडात मांडा होता. बायको म्हणाली, "आधी गिळा, मग बोला."

धुडकू आवळतच होता. नट काही पुरे म्हणेना. त्यानं पान्याला लोखंडी पाइप घातला. पुन्हा आवळलं. पाय टेकवला. अंग टाकलं.

कडाक.

धुडकूनं घाम पुसला. "पुरे म्हणाला," तो म्हणाला, अन् दुसऱ्या नटाकडं वळला.

मिस्तरीनं घास गिळला अन् अशी आरोळी ठोकली की सीटवरची कोंबडी अंडी सोडून पळाली. शिवी मात्र नव्हती त्यात. नुसतीच आरोळी.

अण्णा धावत आले. भागाबाई आल्या. सगळे ट्रॅक्टरभोवती जमले. बोल्ट तुटला होता. लेप वाहत होता. दिवस कलायला लागला होता.

"जावईबापू," अण्णा म्हणाले, "हे असं का केलं?"

"मामींनी सांगितलं."

"मी?" भागाबाई म्हणाल्या. "मी पंगतीचं सांगितलं."

"हो, पंगत तर होऊन गेली होती," धुडकू म्हणाला. "आता हेच होतं वाढायला."

मिस्तरी आभाळाकडं बघत होता. अण्णांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं, म्हणजे विषय संपला.

पण मथुरा संपवणाऱ्यातली नव्हती. ती चार दिवस बघत होती. तिनं आईला हाताला धरून चुलीपाशी नेलं.

"माय, तुझ्या ध्यानात आलं का? निंबाखाली सांगितलेलं ते घरात करतात. घरात सांगितलेलं निंबाखाली करतात."

"मग?"

"मग निंबाखाली जे करायचंय, ते तू त्यांना इथं घरात सांग."

"मला काय कळतंय इंजिनातलं?"

"कळायला कशाला हवं? मघाशी त्यांनी जसं वाढलं, तसंच वाढायचं असतं, एवढं म्हण. म्हण, माझंच चुकलं."

भागाबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. जन्मभर त्यांच्या पंगतीला कोणी नाव ठेवलं नव्हतं. अन् ओसरीवर दगाबाबा अजून बसलेले. पण लेकीचं वर्ष जात होतं.

मथुरानं बाहेर जाऊन धुडकूला हेड उचलायला लावलं, गॅस्केटवरचा अन् भोकांतला लेप डिझेलच्या चिंधीनं एकेक करून पुसला. गॅस्केट अजून दबलं नव्हतं, वाचलं होतं. तुटक्या बोल्टाचा बुंधा वर राहिला होता, तो अण्णांनी पकडीत धरून फिरवून काढला. मिस्तरीच्या डब्यात जोडीचा बोल्ट अन् लेपाची आणखी एक डबी निघाली. मग मथुरा मिस्तरीला म्हणाली, "सुपडूकाका, आता तुम्ही काही बोलायचं नाही. काहीही झालं तरी."

"मी कुठं बोलतोय," मिस्तरी म्हणाला. "मला आता बोलायचंच नाही."

आत भागाबाईंनी जावयाला पाटावर बसवलं. एकदा ओसरीकडं बघितलं. मग जड जिभेनं म्हणाल्या, "जावईबापू, माझं चुकलं. मघाशी तुम्ही वाढलं तेच बरोबर. मधल्यापासून सुरुवात. समोरासमोर. तीन फेऱ्या. थोडं, मग निम्मं, मग पुरतं. अन् तूप..." त्यांना पुढं बोलवेना.

"बोट फिरवायचं, कडेकडेनं," मथुरा दाराआडून म्हणाली.

"हो. तेच," भागाबाई म्हणाल्या.

ओसरीवरून दगाबाबा म्हणाले, "सूनबाई, घरात आज कोणाला ताप आहे का?"

धुडकू उठला. "पुढच्या वेळी तस्संच करीन," म्हणाला, अन् थेट निंबाखाली गेला.

त्यानं लेपाच्या नव्या डबीत बोट बुडवलं अन् गॅस्केटच्या कडेकडेनं फिरवलं. भोकात थेंब जाऊ दिला नाही. हेड ठेवलं. मधला नट धरला, थोडा आवळला. मग समोरचा. मग इकडचा, मग तिकडचा. दुसरी फेरी. तिसरी फेरी. मिस्तरीनं ओठ आत ओढून धरले होते. त्याची मान मात्र प्रत्येक नटाला हलत होती.

पाणी भरलं, जुनं तेल सोडून नवं भरलं, बॅटरी जोडली. अण्णांनी कोंबडीची अंडी टोपलीत काढून ठेवली. धुडकू सीटवर बसला अन् त्यानं किल्ली फिरवली.

ट्रॅक्टर खोकला. पुन्हा खोकला. काळ्या धुराचा एक लोट निंबात गेला, त्यातून सात-आठ चिमण्या उडाल्या, अन् मग इंजिन असं लयीत धडधडायला लागलं की जणू तीन वर्षं झोपलंच नव्हतं.

मिस्तरीनं काडी काढायला लावली. काडीला तेल होतं. काळं, निर्मळ. पांढरा ठिपका नाही. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून बघितलं, एक बुडबुडा नाही. मिस्तरीच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात नव्हते. बायकोनं पुसलं.

अण्णांनी चाकावर नारळ फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा जावयाला दिला. म्हणाले, "जिंकलात जावईबापू. मी शब्दाचा पक्का आहे. ट्रॅक्टर तुमचा, अन् लेक न्या. अजून घटकाभर दिवस आहे." अन् ते मागं वळून घरात गेले, लेकीची पेटी उचलायला.

घरात मथुरा हिरवं पातळ नेसत होती. भागाबाई ओटी भरत होत्या. मायलेकी हसत होत्या अन् रडत होत्या. निंबाखाली उरले दोघंच, मिस्तरी अन् धुडकू.

आता मिस्तरी मनापासून बोलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला या माणसाची माया आली होती.

"जावईबापू, एक शेवटचं सांगतो. गॅस्केट नवीन आहे, अजून बसायचंय. आजचा दिवस यावर कसलंही ओझं टाकायचं नाही. ट्रॉली जोडायची नाही, पोतं टाकायचं नाही. एकदा चालू झालाय, तर मध्ये बंदही करायचा नाही. रिकामाच, हळूहळू घरापर्यंत न्यायचा. उद्यापासून काय लादायचं ते लादा."

धुडकूनं मान हलवली. हे त्याला निंबाखाली सांगितलं होतं. रीतीप्रमाणं त्यानं हे घरात जाऊन करायला हवं होतं. पण मध्ये कोणी हाक मारली नाही. कोणी मांडे आणायला पाठवलं नाही. मिस्तरीनं ट्रॅक्टरचं सांगितलं, समोर ट्रॅक्टर होता, अन् धुडकूनं जन्मात पहिल्यांदा जिथलं काम तिथंच केलं.

गिअर टाकला अन् निघाला.

मथुरा उंबऱ्याबाहेर आली. भरल्या ओटीची, नव्या पातळाची. मागं अण्णा, डोक्यावर पेटी घेऊन. ट्रॅक्टर फाटकातून वळत होता.

"अहो," मथुरानं हाक मारली. इंजिन आवाज करत होतं. धुडकूनं वळून बघितलं. बायको हात हलवतेय, म्हणून त्यानंही हात हलवला.

"जावईबापू, अहो जावईबापू," करत अण्णा पेटीसकट वेशीपर्यंत पळाले. मारुतीपाशीच्या मंडळींनी त्यांना वाट करून दिली. त्यांना वाटलं, हाही नवसातलाच भाग असेल.

धुडकू दोन कोस हळूहळू गेला. घाई केली नाही. वाटेत कोणी हात केला तरी थांबला नाही. एका म्हाताऱ्यानं गवताचा भारा मागं टाकू का विचारलं, तर म्हणाला, "आज नाही बाबा. नवीन गॅस्केट आहे."

त्याच्या आईला ट्रॅक्टरचा आवाज लांबून ऐकू आला. ती भाकरतुकडा घेऊन दारात उभी राहिली. शेजारच्या बाया जमल्या. ट्रॅक्टर दारात आला. आईनं चाकाला पाणी घातलं, लेकावरून भाकरतुकडा ओवाळला, मग डाव्या अंगाला बघितलं, उजव्या अंगाला बघितलं.

"अरे धुडक्या, सून कुठंय?"

"तिथंच आहे. दारात उभी होती, पेटी बांधून. चांगली दिसत होती."

"अन् आणली का नाहीस मेल्या?"

"आई, असं कसं आणणार? आज ओझं टाकायचं नाही म्हणून मिस्तरीनं सांगितलंय. उद्या जाईन की." धुडकूनं इंजिन बंद केलं, खाली उतरला अन् छाती पुढं काढून उभा राहिला. समोर, गावाच्या पांदीतल्या झाडांमागं, सूर्य अर्धा बुडाला होता. मग पुरता बुडाला.

"बघ," तो म्हणाला, "आज माझं एकसुद्धा काम चुकलं नाही."